चुकलेली घडी

स्क्रू पहिल्यांदा खाली पडला तेव्हा नाथाजींना काहीच वाटलं नाही. मोहरीपेक्षा जरासा मोठा स्क्रू, तो हातातून निसटायचाच. त्यांची लेक संयोगिता फरशीवर गुडघे टेकून बसली होती. कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या खोक्याचं एक अंग उघडं होतं, आतली धूळ ब्रशनं झाडून झाली होती आणि झाकण बसवायचं तेवढं राहिलं होतं. तिनं स्क्रू शोधला, पुन्हा भोकाशी नेला, तो पुन्हा घरंगळला. "टोकाचं चुंबक गेलंय वाटतं," ती पेचकसाकडं बघत म्हणाली. मग तिनं स्क्रू चिमटीत धरला आणि आधाराला डावा हात झाकणावर टेकवला. त्या टेकवलेल्या हाताची अनामिका, जिचं त्या कामात काहीच काम नव्हतं, आपली आपण उचलली गेली, क्षणभर वर राहिली आणि खाली बसली. पेटीची पट्टी दाबून सोडावी तशी. मग करंगळी. मग पुन्हा अनामिका. संयोगिताचं सगळं लक्ष स्क्रूकडं होतं. नाथाजींनी मान वळवली आणि ते खिडकीतून बाहेर बघू लागले.

बाहेर अजिंक्यताऱ्याचा उतार होता, त्यावर थंडीतलं कोवळं ऊन होतं, खालच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुणीतरी गोधडी वाळत घालत होतं. नाथाजी गोधडीकडं बघत राहिले. त्यांना वाटलं, मी बघितलं ते बोट नव्हतंच, डोळ्यापुढून माशी गेली असेल, उन्हाची तिरीप हलली असेल. पण असं स्वतःला समजावणं त्यांना कधी जमलं नव्हतं. लष्करात सिग्नलमध्ये भरती झाल्यावर त्यांना तारेची मोर्स लिपी शिकवली होती. सुरुवातीला नुसती कड-कट, कड-कट ऐकू यायची आणि डोकं भणभणायचं. मग एके दिवशी कान तयार झाला आणि कड-कट ऐकू यायचीच बंद झाली, सरळ अक्षरं ऐकू येऊ लागली. त्यानंतर सुट्टीत घरी आले तरी पत्र्यावर टपटपणाऱ्या पाण्यात, पलीकडच्या घरात चाललेल्या लाटण्यात कान अक्षरं शोधायचा. न शोधणं हातात राहिलं नव्हतं. बायकोच्या, राहीच्या, दुखण्यानं त्यांच्या डोळ्यांचं तसंच करून ठेवलं होतं. बोट हललं, एवढंच दुसऱ्या कुणाला दिसलं असतं. त्यांना पुढचं सगळं वाचता आलं.

"चहा टाकतो," ते म्हणाले आणि उठले.

"मी टाकते की आण्णा. हे झालंच."

"ऱ्हाऊ दे. तुजं चालू दे."

गॅसपुढं उभं राहिल्यावर त्यांना कळलं, की आपण पातेल्यात पाणीच घेतलेलं नाही. पाणी घातलं, आलं ठेचलं, गरजेपेक्षा जास्त ठेचलं. आतल्या खोलीतून पेचकसाचा बारीक आवाज येत होता. त्यांना आठवली ती मिरजेतली दवाखान्याची लांबच लांब ओसरी. राहीचा भाऊ गुंडा तिथं भरती होता. राहीचं माहेर तासगावच्या पलीकडं. तिच्या वडिलांचं अंग सारखं डोलायचं, हात हवेत वळायचे, म्हणून गावानं त्यांच्यात देव आहे असं ठरवून टाकलं होतं. जत्रेला लोक त्यांच्या पायावर नारळ ठेवायचे. पुढं तोल जाऊ लागला तेव्हा तेच लोक म्हणू लागले, की म्हातारा पिऊन पडतो. म्हातारा जन्मात प्यायला नव्हता. मग गुंडाचे हात तसेच झाले, आणि गुंडाला बघायला म्हणून आलेल्या राहीकडं डॉक्टरांनी निरखून बघितलं. बघता बघता त्यांनी तिला सरळ रेषेत चालायला सांगितलं, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. राहीला हसू येत होतं. नाथाजींना बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले, हा घराण्यातून येणारा आजार आहे, मेंदूचा. बापाला किंवा आईला असला, की लेकराला यायची शक्यता निम्मी. औषध नाही, त्रास थोडा कमी करता येतो. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला मुलं किती? एक मुलगी, नाथाजी म्हणाले. डॉक्टरांनी दाराकडं बघितलं. मुलगी बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती, भूगोलाचं पुस्तक वाचत. तिचे हलणारे पाय नाथाजींनी तेव्हा पहिल्यांदा तशा नजरेनं बघितले. त्या नजरेपासून त्यांची नंतर सुटका झाली नाही.

राही पुढं बरीच वर्षं जगली, आणि ती वर्षं संयोगितानं बघितली. घरात काचेची वस्तू राहिली नाही. राहीला साडीची घडी घालायची फार हौस, इस्त्री केल्यासारखी घडी घालायची. शेवटी शेवटी तिच्या हातात साडी दिली की चोळामोळा व्हायचा, आणि कुणी मदतीला गेलं तर ती चिडून रडायची. गावात बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलवणं बंद केलं. नाथाजी सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि लोणंदजवळचं गाव सोडून साताऱ्यात फ्लॅट घेऊन राहिले, ते दवाखान्यासाठी असं ते सांगत. खरं म्हणजे इथं जिन्यात कुणी थांबून बघत नव्हतं. राही याच फ्लॅटमध्ये गेली. संयोगिता तेव्हा शाळेत होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिनं फोनवर सांगितलं, "आण्णा, मी सगळं वाचलंय. रक्ताची तपासणी असते. मी करणार नाही. कळून करायचं काय?" नाथाजी म्हणाले होते, "तुज्या मनाला येईल तसं कर." फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ते हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले होते.

हा कॉम्प्युटर तिनं पुण्याला नोकरी लागल्यावर इथं आणून बसवला. नाथाजींना वाटलं, व्हिडिओ कॉलसाठी असेल. पण तिनं त्याच्यात एक काम लावून दिलं आणि समजावून सांगितलं. शरीरात प्रथिनं असतात आण्णा, लांब दोऱ्यासारखी. दोऱ्याची जागच्या जागी घडी पडावी लागते, तर तो कामाचा. आईच्या साडीसारखं. आईच्या दुखण्यात एक दोरा गरजेपेक्षा लांब असतो, त्याची घडी चुकते, मग गुंता होतो आणि मेंदूच्या पेशी त्यात मरतात. ती घडी कशी पडते, कुठं चुकते, याचं गणित शास्त्रज्ञ मांडतात. पण ते इतकं अवाढव्य, की एका यंत्राला झेपत नाही. म्हणून त्याचे तुकडे करून जगभर वाटतात. लोकांच्या घरी यंत्रं रिकामी पडलेली असतात, ती एकेक तुकडा सोडवतात आणि परत पाठवतात. आपण एवढंच करायचं, बंद करायचं नाही.

"मग ह्यातनं औषद निघंल?"

"कधीतरी."

"कवा?"

"ते कुणालाच सांगता येत नाही, आण्णा. आपल्या यंत्रानं एक तुकडा सोडवला, एवढंच आपल्याला कळणार."

बंद करायचं नाही, हे नाथाजींना नेमकं कळलं. ठाणं सोडायचं नाही. त्यांनी त्या यंत्रासाठी इन्व्हर्टर बसवला. लाइट गेली तर स्वतः घामात बसायचे, पण पंखा त्यावर लावायचे नाहीत. फलटणला भाच्याचं लग्न होतं, तिथं जेवताना कुणीतरी म्हणालं, साताऱ्यात आज सकाळपासून लाइट नाही, तर ते अर्ध्या पंगतीतून उठून एसटीला लागले. पडद्यावर रंगीत मण्यांची वेडीवाकडी माळ स्वतःभोवती वळवळत असायची आणि खाली एक हिरवी पट्टी हळूहळू भरत जायची. पट्टी भरली की तुकडा जायचा, नवीन यायचा. त्या खोलीत कायम ऊब असे. थंडीत ते पेपर घेऊन तिथंच बसत. माळ वळवळायची, तिच्याकडं बघताना कधी कधी त्यांना राहीचे हात दिसत, आणि वाटे, वळ, वळ, आता तरी नीट बस. त्यांना हेही कळत होतं, की आपण काहीच करत नाही. करतंय ते यंत्र. आपण फक्त बटणाला हात लावत नाही. उभ्या आयुष्यात आपल्या हातात एवढंच आलं, हात न लावणं.

आणि बघणं. संयोगिता महिन्या-दोन महिन्यांनी यायची. दारात ती सँडल काढायची तेव्हा तिचा तोल कसा राहतो, तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना धार सरळ पडते का, भात कालवताना बोटं कशी वळतात, झोपाळलेली असताना चेहरा आपोआप हलतो का, हे सगळं नाथाजी पेपरच्या आडून बघून घेत. रविवारी दुपारी ती पुण्याच्या गाडीत बसली, की त्यांना पास झाल्यासारखं वाटे. घरी परत येताना ते चौकातून जिलेबी आणत आणि एकटेच खात. तिच्या ऑफिसातला ऋषिराज नावाचा मुलगा एकदा घरी येऊन गेला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं होतं तरी तो थांबून होता. "त्याला काय सांगू तेच कळत नाही," ती म्हणाली होती. नाथाजींनाही कळलं नव्हतं. ह्या खेपेला ती आली ती यंत्र बिघडलं म्हणून. तुकडे अर्ध्यात अडत होते, चुकीचे म्हणून त्यांची नोंद होत होती. नाथाजींनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज एखाद्या आजारी माणसाची खबर द्यावी तसा झाला होता. "गरम होत असेल," ती म्हणाली, "धूळ काढावी लागेल. येते."

चहा उतू गेला. ते गॅस पुसत असतानाच बेल वाजली. अर्जुना होता, कोरेगावचा, त्यांच्याच बरोबर सिग्नलमध्ये असलेला. हातात घेवड्याची पिशवी. "नवा घेवडा हाय रं गड्या, म्हणलं तुला देऊन यावं," म्हणत तो सरळ आतल्या खोलीत जाऊन बसला. संयोगितानं झाकण लावून खोकं उभं केलं होतं. तिनं हात धुतले आणि चहाचे कप नाथाजींच्या हातातून घेतले.

"आलीस व्हय पोरी. बरं झालं. ह्या यंत्रानं तुज्या बापाला घरात दावणीला बांधलाय बघ. चार दिस पोराच्या लग्नाला ये म्हणलं, तर म्हणतोय, यंत्राजवळ कोन बसणार? आता यंत्र काय रेडकू हाय का?"

"काका, तुमच्या घरी पण आहे की कॉम्प्युटर. तुमच्यात पण लावून देते."

"लाव की. पर त्येच्यातनं निघतंय काय, त्ये सांग आदी."

संयोगिता सांगू लागली, दोरा, घडी, तुकडे. सांगताना तिनं कप अर्जुनापुढं धरला. नाथाजींनी कपाकडं बघितलं नाही. ते अर्जुनाच्या तोंडाकडं बघत होते. अर्जुनाच्या कपाळाला एखादी आठी पडते का, त्याची नजर एखाद्या ठिकाणी अडखळते का, हे ते निरखून बघत होते. अर्जुनानं कप घेतला, फुर्र करून घोट घेतला आणि म्हणाला, "मंजी पेरणी आपली आन पीक दुसऱ्याच्या नातवाला. चांगलं हाय की. लाव माज्यात." त्याला काही दिसलं नव्हतं. नाथाजींच्या छातीवरचं ओझं जरा सरकलं. अर्जुनाला दिसलं नाही, म्हणजे नसेलच. पण अर्जुना राहीलाही दोनदा भेटला होता आणि जाताना म्हणाला होता, वहिनी लय चपळ हायत, एका जागी बसत न्हाईत. हे आठवलं आणि ओझं परत होतं तिथं आलं. अर्जुना उसाच्या तोडीचं बोलला, सुनेचं बोलला, गुडघ्याचं बोलला. नाथाजी हं हं म्हणत राहिले. त्यांना वाटत होतं, हा जाऊ नये. हा गेला की खोलीत आम्ही दोघंच उरणार.

अर्जुना गेला. संयोगितानं कॉम्प्युटर चालू केला. पंख्याचा आवाज पूर्वीसारखा घरघरत नव्हता, स्वच्छ, एकसुरी येत होता. जरा वेळानं नवा तुकडा आला, मण्यांची माळ पडद्यावर उमटली आणि वळू लागली. "झालं," ती म्हणाली, "आता अडणार नाही." नाथाजी पडद्याकडं बघत म्हणाले, "ब्येस झालं." मग ते म्हणाले, जेवायला काय करायचं, घेवडा शिजायला वेळ लागेल, तुझी गाडी चुकायला नको. मग म्हणाले, पुण्यात थंडी जास्त आहे काय. ते बोलत राहिले आणि माळेकडं बघत राहिले. त्यांना वाटलं, ह्या घटकेला जगातल्या न जाणो किती घरांत ही यंत्रं चालू असतील. त्या घरांतली माणसं जेवत असतील, झोपली असतील. एवढी सगळी मिळून एका दोऱ्याच्या मागं लागलीत. आणि आपली पोरगी इथं खुर्चीत बसलीय, हाताच्या अंतरावर.

"आण्णा."

"हां."

"तुमी आज माझ्या हाताकडं बघत न्हाईसा."

पुण्यात गेल्यापासून ती असं घरचं बोलत नसे. नाथाजींनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"दर वेळी बघता. मी चपला काढल्यापासून. पेपर उलटा धरून बघता कधी कधी." ती हसली, पण थोडंच. "सुरुवातीला मला राग यायचा. मग सवय झाली. मग मी त्याच्यासाठीच येऊ लागले. म्हणलं, डॉक्टर नको, तपासणी नको. आण्णांनी बघितलं, जिलेबी आणायला गेले, म्हणजे अजून काय नाही. ऋषिराजला पण म्हणायचे, आण्णांनी बघितलंय." तिनं खिडकीकडं मान वळवली. "आणि आज तुमी खिडकीतनं बाहेर बघताय. अर्जुनाकाकांकडं बघताय. त्या पडद्याकडं बघताय."

"तसं न्हाई, संयू."

"महिना झाला असेल. ऑफिसात टाइप करताना एकाच अक्षराची रांग उमटते. बोट उचलतच नाही, किंवा आपणहून पडतं. मी म्हणलं, दमले असेन." तिनं डावा हात टेबलावर ठेवला, की-बोर्डच्या बाजूला, तळवा खाली करून. "बघा आता."

नाथाजींनी बघितलं. हात राहीसारखाच होता, बोटं लांब, नखं आखूड कापलेली. काही वेळ तो नुसता पडून होता. त्या वेळात त्यांनी किती देवांची नावं घेतली, त्याचा हिशोब नाही. मग अनामिका उठली. बसली. करंगळी उठली. ती थांबवायला म्हणून संयोगितानं हात टेबलावर दाबला, तर मनगट वळलं.

खोटं बोलता आलं असतं. ते तयारही होतं, जिभेवर, दमली असशील, झोप काढ. पण आयुष्यभर वाचलेला संदेश त्यांनी कधी वेगळा सांगितला नव्हता, आणि तिला तो आधीच पोचला होता.

"व्हय," ते म्हणाले.

तिनं मान हलवली. माळ वळत होती. पट्टी जराशी भरली होती.

"आनखी एक यंत्र घिऊ का?" नाथाजी म्हणाले. "दोन लावू. तीन लावू. ह्या खोलीत जागा हाय. आर्जुन्याला सांगतो, त्येच्या गावातल्या समद्यांना लावाय लाव. मी दारोदार जातो." 

"घ्या," ती म्हणाली. "घ्या आण्णा." आणि खुर्ची पुढं ओढून तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तोच डावा. आता तो त्यांना दिसत नव्हता, कळत होता, कापडातून, हळूच टकटक करणारा.

"तपासणी करून घेते आता," ती म्हणाली. "ऋषिराजलाही सांगते. पण त्याच्या आधी मला तुमी सांगा. आईचं शेवटचं मला सगळं माहीत आहे. पहिलं माहीत नाही. तुमाला पहिल्यांदा कवा दिसलं?"

हे त्यांना घरातल्या कुणी विचारलं नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा त्यांनी आठवत नाही म्हणून सांगितलं होतं. आठवत होतं.

"लोणंदला," ते म्हणाले. "मी रजेवर येत हुतो. गाडीतनं उतारलो, तर तुजी आई फलाटावर, तुला कडेवर घिऊन. मला बघितलं आन हात वर केला. मी बी केला. मी ट्रंका उतरवल्या, हमालाशी बोललो, चालत चालत तिच्याजवळ आलो, तरी तिचा हात वरच. हलवतच हुती. मी अगदी म्होरं उभा हाय, आन हात आपला हलतोयच." मग संयोगिताकडं बघून म्हणाले, "मला वाटलं, मी आल्याचा तिला लय आनंद झालाय."